ऑस्ट्रेलियात नोकरी गेली तर: ‘जॉबसीकर’ कसे मागावे

ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या मराठी घरात नोकरी गेली की दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "सेंटरलिंकला अर्ज टाक, पैसे सुरू होतील." दुसरा म्हणतो, "पीआरवाल्यांना काही मिळत नाही, वर ते पैसे घेतले की पुढे सिटिझनशिप अडते." दोन्ही चुकीचे. पैसे आपोआप सुरू होत नाहीत. पीआरवाल्यांना, म्हणजे कायम राहायचा परवाना असलेल्यांना, ते मिळतात, पण ठरावीक काळ गेल्यावर. आणि हक्काने मिळालेल्या पेमेंटमुळे नागरिकत्व अडत नाही.

हे पेमेंट म्हणजे ‘जॉबसीकर पेमेंट’. २० मार्च २०२० पासून त्याने जुन्या ‘न्यूस्टार्ट अलाउन्स’ची जागा घेतली. वय २२ ते ६७ च्या आतले, काम नसलेले आणि काम शोधणारे लोक यासाठी अर्ज करू शकतात. त्याहून तरुण मुलांसाठी ‘युथ अलाउन्स’ आहे. घरात लहान मूल असेल तर आधी ‘पॅरेंटिंग पेमेंट’ बघा. एकल पालकाला सर्वात धाकटे मूल १४ वर्षांचे होईपर्यंत ते मिळू शकते, जोडप्यातल्या एकाला मूल ६ वर्षांचे होईपर्यंत. हे सगळे वाटणारी संस्था ‘सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया’. तिच्या या विभागाचे नाव सेंटरलिंक, आणि लोकांच्या तोंडी तेच असते.

भारतातून आलेल्या माणसाने एक गोष्ट आधी समजून घ्यावी. आपल्याकडे ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा, बेकारी भत्ता घ्यायचा तर आधी पगारातून वर्गणी कापलेली असावी लागते, आणि भत्ता पगाराच्या प्रमाणात ठरतो. इथे तसे नाही. जॉबसीकरसाठी वेगळी वर्गणी नसते, ते सर्वसाधारण करांतून दिले जाते. त्यामुळे तुमचा पगार वर्षाला दीड लाख डॉलर होता की साठ हजार, याने रकमेत फरक पडत नाही. फरक पडतो तो तुमचा व्हिसा, इथे राहिलेले दिवस, आज घरात येणारे पैसे आणि बँकेतली शिल्लक यांनी. म्हणूनच गरज किती आहे याची कहाणी सांगत बसण्यापेक्षा तारखा आणि आकडे नीट मांडलेले बरे.

पहिली पायरी: व्हिसा

स्टुडंट व्हिसा, शिक्षणानंतरचा ४८५, कंपनीने स्पॉन्सर केलेला ४८२: यांपैकी काही असेल तर जॉबसीकर मिळणार नाही. इथे कितीही वर्षे कर भरला असला तरी नाही. ४८२ वाल्यांची खरी काळजी तर वेगळीच असते. १ जुलै २०२४ पासूनच्या नियमांनुसार त्या नोकरीतले काम थांबल्यावर नवा स्पॉन्सर शोधायला, दुसरा व्हिसा मिळवायला किंवा देश सोडायची तयारी करायला एका वेळी १८० दिवस मिळतात, आणि व्हिसाच्या पूर्ण मुदतीत मिळून ३६५. तुमचा वेळ सेंटरलिंकच्या रांगेत नाही, तिकडे घालवा.

नोकरीवरून काढले ते अन्याय्य वाटत असेल, तर फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे नोकरीचे तंटे सोडवणाऱ्या संस्थेकडे, जायला व्हिसा आड येत नाही. मात्र अर्जाची मुदत फक्त २१ दिवसांची आहे. ती डोळ्यांसमोर ठेवा, कारण पहिले दोन आठवडे धक्क्यातच जातात.

प्रादेशिक भागांसाठीच्या ४९१ आणि ४९४ व्हिसांसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. ‘आपला तर तात्पुरताच व्हिसा’ असे म्हणून स्वतःला बाद करू नका. व्हिसा ग्रँटचे पत्र समोर ठेवून सेंटरलिंकलाच विचारा. न्यूझीलंडचे नागरिक होऊन मग इकडे आलेली बरीच मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या ४४४ व्हिसावर, इथे सलग दहा वर्षे राहिल्यानंतर, आयुष्यात एकदा आणि जास्तीत जास्त सहा महिने हे पेमेंट मिळू शकते.

चार वर्षांचा हिशेब

पीआर झालेल्यांचा घोळ इथे होतो. १ जानेवारी २०१९ पासून नियम असा आहे की जॉबसीकरसाठी पीआर होऊन ऑस्ट्रेलियात चार वर्षे, म्हणजे २०८ आठवडे, काढलेले असावे लागतात. याचे सरकारी नाव ‘न्यूली अराइव्ह्ड रेसिडेंट्स वेटिंग पीरियड’.

यात दोन गोष्टी हमखास निसटतात. पहिली, मोजणी पीआर मिळाल्यापासून होते. आधी स्टुडंट व्हिसावर तीन वर्षे आणि ४८२ वर तीन वर्षे काढली असतील, तर ती सहा वर्षे साधारणपणे धरत नाहीत. पीआर भारतात असतानाच मिळाला असेल, तर मोजणी इथे पाऊल ठेवल्यापासून.

दुसरी, फक्त ऑस्ट्रेलियात असलेले दिवस मोजतात. समजा, मार्च २०२३ मध्ये तुम्ही इथे असतानाच पीआर हातात आला आणि दरवर्षी सहा आठवडे तुम्ही पुण्याला किंवा नाशिकला घालवले. मार्च २०२७ मध्ये ‘झाली की चार वर्षे’ असे तुम्हाला वाटेल. पण चोवीस आठवडे तुम्ही बाहेर होतात, म्हणून २०८ ऐवजी १८४ च भरले, आणि उरलेले चोवीस इथेच राहून पूर्ण करावे लागतील. ऑस्ट्रेलियात पासपोर्टवर हल्ली शिक्के पडत नाहीत, त्यामुळे तिकिटांच्या ईमेलवरून तारखा काढून ठेवा. सेंटरलिंककडे देशात येण्या-जाण्याची नोंद असतेच. आपल्याला ती माहीत नसते, एवढाच फरक.

या मुदतीला काही अपवाद आहेत. निर्वासित म्हणून आलेले आणि त्यांचे कुटुंबीय सुटतात. इथे स्थायिक झाल्यानंतर जी व्यक्ती एकल पालक झाली, तिलाही सूट मिळू शकते. हे वाक्य मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण लग्न करून आलेल्या कितीतरी बायकांना घरातूनच ऐकवले जाते की ‘तू वेगळी झालीस तर इथे तुला कोणी विचारणार नाही’. ते खरे नाही. घरात मारहाण किंवा धाकदपटशा असेल तर सेंटरलिंकच्या सोशल वर्करशी बोलायचे आहे एवढे सांगा, तिथून पुढचे मार्ग निघतात.

चार वर्षे भरलेली नसताना ‘स्पेशल बेनिफिट’ नावाचा एक शेवटचा आधार आहे. तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने परिस्थिती एकदम पालटली आणि जवळ काहीच उरले नाही, तर तो. पण नुसते ‘काम मिळत नाही’ हे कारण त्यात बसत नाही. त्यावर घर चालवायचा बेत करू नका.

आई-वडिलांना इथे आणून त्यांच्यासाठी सरकारला हमी, म्हणजे ‘अशुरन्स ऑफ सपोर्ट’, लिहून दिली असेल तर हेही लक्षात ठेवा: हमीच्या काळात त्यांना जॉबसीकर मिळाले तर ती रक्कम हमी देणाऱ्याकडून वसूल होते. ६७ च्या आतल्या आई-वडिलांसाठी ‘बघू, अर्ज करून तर पाहू’ असे करू नये.

पैसे किती, आणि कोणाच्या पगारावर

२० सप्टेंबर २०२५ पासूनचा दर: एकट्या, मूल नसलेल्या माणसाला पंधरवड्याला ७९३.६० डॉलर, आणि जोडप्यातल्या प्रत्येकाला ७२६.५० डॉलर. हा कमाल मूळ दर आहे. दर वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या २० तारखेला, महागाईप्रमाणे बदलतो, म्हणून अर्जाच्या वेळी ताजा आकडा बघून घ्या. सिडनीत एका खोलीचे भाडे ज्याला माहीत आहे त्याला हे सांगायला नको की यात महिना निघत नाही. भाड्याने राहत असाल तर ‘रेंट असिस्टन्स’ची भर पडते, आणि ‘हेल्थ केअर कार्ड’ मिळते. त्या कार्डावर सरकारी यादीतले औषध ७.७० डॉलरला पडते. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या घरात ही बचत छोटी नाही.

स्वतः थोडे काम करत असाल तर पंधरवड्याला पहिल्या १५० डॉलरला हात लावत नाहीत. १५० ते २५६ पर्यंत प्रत्येक डॉलरमागे ५० सेंट कापतात, त्यावर ६० सेंट. म्हणजे एका पंधरवड्यात ४०० डॉलर मिळाले तर पेमेंटमधून १३९.४० डॉलर कमी होतील. हातात एकूण जास्तच आले. ‘थोडे काम केले तर सगळे बंद होते’ या भीतीने दुकानातल्या चार शिफ्ट नाकारणारे लोक आहेत. त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा.

आता जोडीदार. मराठी घरांतले बहुतेक अर्ज इथेच थांबतात, म्हणून हे आधीच तपासा. नवरा किंवा बायको नोकरीत असेल आणि स्वतः सेंटरलिंकचे काही घेत नसेल, तर तिच्या किंवा त्याच्या कर कापण्याआधीच्या पगारातून पंधरवड्याला साधारण १,४०० डॉलर सोडून देतात. त्यावरच्या प्रत्येक डॉलरमागे तुमच्या पेमेंटमधून ६० सेंट जातात. वरच्या दराने हिशेब केला तर जोडीदाराचा पगार पंधरवड्याला २,६०० डॉलरच्या आसपास, म्हणजे वर्षाला ६७-६८ हजार, झाला की तुमच्या वाट्याला शून्य. दोघेही आयटीत असाल आणि एकाचीच नोकरी गेली असेल, तर अर्ज भरण्यात संध्याकाळ घालवू नका. त्यापेक्षा मुलांच्या ‘चाइल्ड केअर सबसिडी’साठी दिलेला उत्पन्नाचा अंदाज लगेच बदला. घरचे उत्पन्न घटले की तिचे प्रमाण वाढते, आणि पाळणाघराच्या बिलात फरक दिसतो. हे करायचे फार जण विसरतात.

उत्पन्नाशिवाय मालमत्ताही बघतात. राहते घर धरत नाहीत. पण कोथरूडचा भाड्याने दिलेला फ्लॅट, गावच्या जमिनीतला तुमच्या नावचा हिस्सा, एफडी, म्युच्युअल फंड, भारतातले शेअर हे सगळे ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आजच्या किमतीने सांगावे लागते. ‘ते तर तिकडचे’ ही सबब चालत नाही. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी व्हायची असेल, सातबाऱ्यावर सहा नावे असतील, तर तसेच स्पष्ट लिहून कागद जोडा. लपवलेले पुढे निघाले की साधी गोष्ट गुंतागुंतीची होते.

नोकरी सुटली त्याच आठवड्यात

अर्ज केल्याच्या आधीच्या दिवसांचे पैसे साधारणपणे मिळत नाहीत. ‘महिनाभर बघू, तोवर काहीतरी मिळेलच’ असे म्हणत थांबलात, तर तो महिना गेला. आपल्यात संकोच असतो. सरकारकडे हात पसरल्यासारखे वाटते, गावाकडे कळले तर काय, असेही मनात येते. माझे मत सरळ आहे: ज्या करांतून हे दिले जाते ते तुम्हीही भरलेत, आणि नोकरी लागली की पुन्हा भरणार आहात. पात्र असाल तर पहिल्याच आठवड्यात अर्ज करा. काम सुटणार हे आधी कळले असेल तर आधीच अर्ज सुरू करता येतो.

कंपनी सोडताना शेवटची पेस्लिप, न वापरलेल्या रजांचे पैसे आणि रिडंडन्सीचे (पदच रद्द झाल्याच्या भरपाईचे) पैसे वेगवेगळे दाखवणारे पत्र, आणि ‘एम्प्लॉयमेंट सेपरेशन सर्टिफिकेट’, म्हणजे नोकरी सुटल्याचा दाखला, मागून घ्या. एचआरला या कागदाचे नाव माहीत असते. त्यांनी टाळाटाळ केली तर त्यासाठी अर्ज रोखू नका. मागितले पण मिळाले नाही, असे सेंटरलिंकला कळवा.

नोकरी कशी सुटली यालाही अर्थ आहे. सबळ कारण नसताना स्वतःहून राजीनामा दिला किंवा गैरवर्तनासाठी काढले, तर चार आठवडे पैसे रोखले जाऊ शकतात. ‘काढून टाकण्याआधी स्वतःच राजीनामा देतो, निदान रेझ्युमेवर डाग नको’ असा विचार आपल्या लोकांत सर्रास असतो. त्याची ही किंमत आहे. शिवाय राजीनाम्यात रिडंडन्सीचे पैसेही हातचे जातात.

पात्र असूनही थांबावे लागते ते का

प्रत्येकाला साधारण एक आठवडा थांबावे लागतेच. त्याखेरीज दोन मुदती आहेत.

एक बँकेतल्या शिल्लकीची. लगेच हाताशी येऊ शकणारे पैसे, म्हणजे बचत खाते, एफडी, शेअर, गृहकर्जाचे ऑफसेट खातेसुद्धा, एकट्या माणसाकडे ५,५०० डॉलर किंवा जोडप्याकडे, अथवा मुले असलेल्यांकडे, ११,००० डॉलर असतील तर एक ते तेरा आठवडे थांबावे लागते. जोडप्याचा हिशेब ढोबळमानाने असा: ११,००० वरच्या दर हजार डॉलरमागे एक आठवडा. १७,००० असतील तर सहा आठवडे. एकट्यासाठी दर पाचशेमागे एक. भारतातले खातेही यात येते. सुपरॅन्युएशनमध्ये, म्हणजे इथल्या निवृत्ती फंडात, अडकलेले पैसे मात्र पेन्शनच्या वयाआधी धरत नाहीत. ही मुदत बहुधा काम सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चालू होते.

इथे एक मोह होतो: पैसे पटकन भावाच्या खात्यात वळवले तर? करू नका. देऊन टाकलेली मालमत्ता सेंटरलिंक तुमच्याकडेच आहे असे धरू शकते, आणि खात्यांची विवरणपत्रे मागितली जातात.

दुसरी मुदत कंपनीने दिलेल्या एकरकमी पैशांची, तिला ‘इन्कम मेंटेनन्स पीरियड’ म्हणतात. सहा आठवड्यांची रजा आणि आठ आठवड्यांची रिडंडन्सी यांचे पैसे मिळाले असतील, तर चौदा आठवडे तुम्हाला पगार मिळतो आहे असेच समजले जाते. ते पैसे आल्या दिवशी गृहकर्जात भरून टाकले तरी चौदा आठवडे टळत नाहीत, म्हणून रिडंडन्सीचे पैसे हातात आले की आधी तेवढ्या आठवड्यांचा घरखर्च बाजूला काढा आणि मग कर्जाचे बघा. खर्च टाळता न येणारा होता आणि आता खरोखर चणचण आहे, हे पुराव्यानिशी दाखवता आले तर दोन्ही मुदतींत सवलत मागता येते. बिले जपून ठेवा.

अर्ज

सगळे ‘मायगव्ह’ या सरकारी ऑनलाइन सेवेच्या खात्यातून होते. कर भरायला किंवा मेडिकेअरसाठी (सरकारी आरोग्यसेवेसाठी) ते खाते बहुतेकांनी काढलेलेच असते. त्याला सेंटरलिंक जोडायचे. पूर्वी कधी मुलांसाठी काही घेतले असेल तर तुमचा ‘सीआरएन’, म्हणजे सेंटरलिंकचा ग्राहक क्रमांक, आधीच असेल. नऊ अंक आणि शेवटी एक अक्षर, जुन्या पत्रांवर सापडतो. नसेल तर मायगव्हमध्येच ओळख पटवून तो मिळवता येतो. पासपोर्ट, व्हिसा, मेडिकेअर कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा. पासपोर्टवर आडनाव वेगळे आणि लायसन्सवर वेगळे, मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, हे आपले नेहमीचे दुखणे इथेही आडवे येते. नावे जुळत नसतील तर लग्नाचा दाखला सोबत द्या.

मग ऑनलाइन प्रश्न: पत्ता, भाडे, टॅक्स फाइल नंबर, ऑस्ट्रेलियातले बँक खाते, उत्पन्न, मालमत्ता. जोडीदाराची माहिती वेगळी भरावी लागते, पैसे तुम्ही एकट्याने मागत असाल तरीही. भाडेकरार नावावर नसेल, ओळखीच्यांकडे खोली घेऊन राहत असाल, तर भाड्याचा दाखला घरमालकाकडून भरून घ्यावा लागतो. मध्येच थांबून नंतर पुढे भरता येते. पण ‘सबमिट’ केल्याशिवाय अर्ज झाला असे धरत नाहीत, आणि मागितलेले कागद साधारण १४ दिवसांत द्यायचे असतात. एखादा कागद भारतातून यायचा असेल तर मुदत संपण्याआधी फोन करून वाढवून घ्या.

फोनवर इंग्रजी बोलताना अडखळायला होत असेल, किंवा नियमांची इंग्रजी भाषा डोक्यावरून जात असेल, तर १३१ २०२ हा सेंटरलिंकचा बहुभाषिक क्रमांक आहे. मराठी दुभाषी मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. मुलाला किंवा शेजाऱ्याला मध्ये घालून पैशांचे आणि घरचे बोलण्यापेक्षा हे कितीतरी बरे. आणि अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर नमस्कार करून पुढे चला. मायगव्हचा पासवर्ड तर घरच्या ‘टेक्निकल’ भाच्यालाही देऊ नका.

मंजुरीनंतर: काम शोधल्याचा पुरावा

पैसे सुरू झाले की ‘म्युच्युअल ऑब्लिगेशन्स’ सुरू होतात. सरळ भाषेत, काम शोधत आहात हे दर महिन्याला दाखवायचे. ‘वर्कफोर्स ऑस्ट्रेलिया’ नावाची यंत्रणा ते बघते. ज्यांना संगणकावर स्वतः सगळे जमते त्यांना ऑनलाइन ठेवतात, बाकीच्यांना एखाद्या ‘प्रोव्हायडर’कडे, म्हणजे सरकारने कंत्राट दिलेल्या एजन्सीकडे, पाठवतात. तुमच्याशी एक ‘जॉब प्लॅन’ ठरतो. तो न वाचता मान्य करू नका. त्यावर विचार करायला वेळ मागता येतो.

बहुतेकांना महिन्याला १०० गुणांचे उद्दिष्ट असते. एका नोकरीचा अर्ज म्हणजे ५ गुण, आणि महिन्यात किमान चार अर्ज सहसा लागतातच. मुलाखती, कोर्स, अर्धवेळ काम यांनीही गुण भरतात. वय, तब्येत, लहान मुले, तुमच्या भागातली कामाची परिस्थिती बघून उद्दिष्ट कमी होऊ शकते, पण ते मागावे लागते. आजारी असाल तर डॉक्टरांचे सर्टिफिकेट देऊन काही काळ सूट मिळते.

प्रोव्हायडरचा अनुभव माणसागणिक वेगळा. पुण्यात दहा वर्षे डेटाबेस सांभाळलेल्या माणसाला गोदामातल्या कामाचे पत्ते दिले जातात आणि तो दुखावतो. नियम असा आहे की जमण्याजोगे, योग्य काम नाकारता येत नाही, फक्त ‘माझ्या क्षेत्रातले नाही’ हे कारण पुरत नाही. माझा सल्ला: वाद घालण्यापेक्षा प्रोव्हायडरकडून काय काढता येईल ते बघा. त्यांच्याकडे कोर्स, परवाने, कामाचे बूट-कपडे यांसाठी निधी असतो. फोर्कलिफ्टचा परवाना किंवा एखादे प्रमाणपत्र त्यातून होत असेल तर विचारायला काय जाते?

भेट चुकली किंवा गुण कमी पडले तर पेमेंट थांबते आणि ‘डिमेरिट’, म्हणजे नावावर दोषाची नोंद, पडू शकतो. येता येणार नसेल तर भेटीच्या आधी कळवा. नंतर सांगितलेले कारण आधी सांगितलेल्या कारणाइतके चालत नाही.

दर पंधरवड्याचा रिपोर्ट

ठरलेल्या दिवशी ऑनलाइन किंवा ॲपवर रिपोर्ट केला की पैसे येतात, नाही केला तर येत नाहीत. कमाई शून्य असली तरी शून्य म्हणून कळवायचे. ७ डिसेंबर २०२० पासून नियम सोपा झाला आहे: काम कधी केले ते नाही, पगार कधी मिळाला ते सांगायचे. आकडा कर कापण्याआधीचा, पेस्लिपवर ‘ग्रॉस’ म्हणून असतो तो. कंपनी करखात्याला जे पाठवते त्यावरून बऱ्याचदा आकडा आधीच भरलेला दिसतो. तो डोळे मिटून मान्य करू नका, पेस्लिपशी ताडून बघा.

उबर, डोअरडॅश, शनिवार-रविवारी घरून दिलेले डबे, ऑनलाइन शिकवण्या: हे सगळे उत्पन्नच, धंद्याचे उत्पन्न म्हणून कळवायचे. करखात्याची माहिती सेंटरलिंककडे जाते. जोडीदाराचा पगार वाढला, पत्ता बदलला, खोलीत कोणी राहायला आले, कोणी वेगळे झाले, तर १४ दिवसांच्या आत सांगायचे. आणि हे पेमेंट करपात्र आहे. टॅक्स रिटर्नमध्ये ते दिसणार.

भारतात जायचे झाले तर

देश सोडला की जॉबसीकर साधारणपणे थांबते. लग्न, सुट्टी, मुंज यांसाठी गेलात तर ते पैसे नाहीत. जवळच्या नातेवाइकाचे गंभीर आजारपण किंवा मृत्यू अशा मोजक्या कारणांसाठी सहा आठवड्यांपर्यंत ते चालू राहू शकते. रात्री फोन आला आणि पहाटेचे विमान पकडायचे आहे अशा वेळी फॉर्म कोणाला सुचतो, हे खरे. तरी विमानतळावरून मायगव्हमध्ये प्रवासाची नोंद करा, आणि हॉस्पिटलचे किंवा मृत्यूचे कागद घेऊन या. तुम्ही देशाबाहेर गेलात हे सेंटरलिंकला विमानतळाच्या नोंदीवरून आपोआप कळते. न सांगता गेलात तर परत आल्यावर वसुलीचे पत्र आधी भेटते.

नकार आला किंवा पैसे परत मागितले तर

पत्रातला निर्णय म्हणजे शेवटचा शब्द नाही. आधी कारण विचारा, मग ‘रिव्ह्यू’ मागा. मूळ निर्णयात नसलेला वरचा अधिकारी तो तपासतो. तेही पटले नाही तर ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल’ हे न्यायाधिकरण. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते जुन्या ट्रायब्युनलच्या जागी आले, आणि सेंटरलिंकच्या प्रकरणांना तिथे फी नाही. पत्र मिळाल्यापासून १३ आठवड्यांच्या आत रिव्ह्यू मागितला तर, निकाल तुमच्या बाजूने लागल्यास, मागचे पैसेही मिळू शकतात. प्रत्येक राज्याच्या लीगल एडकडे आणि कम्युनिटी लीगल सेंटरकडे या कामासाठी मोफत सल्ला मिळतो.

सरकारी पत्र आले की आपण ‘चूक आपलीच असेल’ म्हणून पैसे भरून मोकळे होतो. इथे तसे करू नका, आणि त्याला कारण आहे. मागच्या दशकात ‘रोबोडेट’ नावाने गाजलेल्या योजनेत लोकांचे वर्षभराचे उत्पन्न २६ पंधरवड्यांत सरासरीने वाटून, संगणकाने लाखो जणांना खोट्या थकबाकीची पत्रे पाठवली होती. सहा महिने काम आणि सहा महिने बेकारी असलेला माणूस त्या सरासरीत वर्षभर कमावता दिसायचा. ती पद्धत बेकायदा ठरली, सरकारला पैसे परत करावे लागले, आणि रॉयल कमिशनने, म्हणजे चौकशी आयोगाने, जुलै २०२३ मध्ये अहवाल देताना तिला क्रूर म्हटले. ज्यांच्याकडे जुन्या पेस्लिपा होत्या त्यांना आपली बाजू मांडणे सोपे गेले. तेव्हा प्रत्येक पेस्लिप, प्रत्येक रिपोर्टची पावती क्रमांकासह एका फोल्डरमध्ये टाकत चला. थकबाकी खरीच निघाली तर हप्ते बांधून मिळतात, एकरकमी भरण्याची सक्ती नसते.

नवी नोकरी लागली की घाईने पेमेंट बंद करायची विनंती करू नका. पहिला पगार येईपर्यंत रिपोर्ट करत राहा, आकडा खरा टाका. पगारामुळे पेमेंट शून्यावर आले तरी काही पंधरवडे तुमची नोंद कायम राहते, आणि त्या काळात प्रोबेशनमध्येच नोकरी गेली तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागत नाही.